कंसातले सर

समाजशास्त्र विभागातल्या प्रत्येकाचा एकेक खास विषय होता. कोणाचा कुटुंब, कोणाचा गुन्हेगारी, एका बाईंचा तर फक्त म्हातारपण. सरांचा कुठलाच नव्हता. विद्यार्थ्यांनी विचारलं की ते सांगत, "ज्याचे मास्तर रजेवर आहेत, तो माझा विषय."

अशी अठ्ठावीस वर्षं गेली. सगळं थोडंथोडं येणारा माणूस कुठल्याही खुर्चीत बसवता येतो, हे विद्यापीठाने लवकर ओळखलं. वसतिगृह, ग्रंथालय, परीक्षा विभाग, जिथे खुर्ची रिकामी झाली तिथे सरांची रवानगी. गेली सहा वर्षं ते कुलसचिव होते. दारावरच्या पाटीवर मात्र पदाच्या पुढे कंसात 'प्रभारी' असं लिहिलेलं होतं.

घरी मेहुणी आली की पहिला प्रश्न ठरलेला. "काय भावजी, कंसमामांनी सोडलं की नाही अजून?"

"अगं, त्यांना तिथेच करमतं," बायको म्हणे.

अखेर कायम पदाची जाहिरात निघाली. सरांना निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, म्हणजे ही शेवटचीच संधी. त्यांनी अर्ज केला. बायकोने पाटी रंगवणाऱ्याला नवी पाटी किती दिवसांत होईल, हेही विचारून ठेवलं.

अर्जांची छाननी झाल्यावर आस्थापना विभागातल्या बाई फाइल घेऊन आल्या.

"सर, एका अर्जदाराने अनुभवाच्या दाखल्यावर स्वतःच सही केलीय. काय शेरा मारू?"

"कोण हा शहाणा?"

"तुम्ही."

सरांनी दाखला उलटसुलट पाहिला. सही त्यांचीच होती. रोज सह्यांसाठी येणाऱ्या पन्नास-साठ कागदांत हाही आला असणार, आणि त्यांचा हात सवयीने चालला असणार. स्वतःच्या सहीचा दाखला चालणार नाही, हा नियमही त्यांचाच. गेल्याच वर्षी त्यावर बोट ठेवून त्यांनी ग्रंथपालाचा अर्ज बाद केला होता.

"कुलगुरूंची सही घेता आली असती," बाई म्हणाल्या. "पण त्रुटी दूर करायची मुदत आज संपतेय आणि ते परदेशात."

"त्यांचा कार्यभार कोणाकडे आहे?"

बाईंनी त्यांच्याकडेच बोट दाखवलं.

"बरं," सर म्हणाले.

"मी चहा पिऊन येते. फाइल इथेच राहू दे. दाखल्यावर मागच्या आठवड्याची तारीख आणि दुसऱ्या कोणाची सही आली, तर मला काय कळणार? माझा चष्माही घरी राहिलाय."

"चष्मा तुमच्या डोक्यावर आहे."

बाई गेल्या. एकाच माणसाच्या दोन भूमिका एकमेकींना आडव्या येतात, हा धडा सरांनी किमान वीस वेळा शिकवला होता. त्यासाठी दर वर्षी नवं उदाहरण शोधताना नाकी नऊ येत. आता ते आयतंच मिळालं होतं. बाई परतल्या तेव्हा अर्जावर शेरा होता, 'अर्जदार अपात्र'. खाली सही, आणि सहीखाली कंसात 'प्रभारी'.

पात्र ठरलेला एकमेव उमेदवार मुलाखतीला फिरकलाच नाही. त्याला दुसरीकडे नोकरी लागली होती. पद रिक्त राहिलं. पुढील आदेश होईपर्यंत कार्यभार विद्यमान प्रभारींकडेच राहील, असा कुलगुरूंनी निर्णय दिला. त्याचा आदेश काढायचा होता कुलसचिवांनी.

या वेळी सरांनी कागद पहिल्या ओळीपासून वाचला. शेवटी, सहीच्या जागी, ते थबकले. टंकलेखकाने कंस उघडला होता, बंद करायला विसरला होता.

"पुन्हा टाइप करून आणू?" बाईंनी विचारलं. "की राहू दे? निदान एका बाजूने तरी मोकळे राहाल."

वाचलेल्या कागदातली साधी वेलांटीची चूकही सरांनी आजवर सोडली नव्हती. त्यांनी पेन उचललं, कंसाच्या उघड्या बाजूकडे जरा वेळ पाहिलं आणि सही करून कागद पुढे सरकवला.