पापलेटांच्या खोलीतलं शटर

बायको गेली आणि मी बोईसरच्या माझ्या वर्कशॉपच्या गाळ्याला कुलूप लावलं. लेक म्हणाली, "बाबा, विकून टाका आणि माझ्याकडे पुण्याला या." मी हो म्हणून बसलो होतो. तेवढ्यात एका संशोधन संस्थेतल्या बाई आल्या. तारे टिपायच्या कॅमेऱ्याला शटर हवं होतं, भोक परातीएवढं. लेकीला सांगितलं, हे जमलं तर गाळा ठेवीन, नाही तर विकू.

बाईंच्या कागदावर फक्त माप, वेळ आणि लाल शाईत एक अट: तेल-ग्रीस नको. आतलं सगळं मी जुळवायचं. मी सातवी नापास. फरशीवर खडूनं आखलं, पुठ्ठ्याची पाती कापून सरकवून बघितली. शेवटी दोन पाती ठेवली. पहिलं सरकून भोक उघडतं, दुसरं त्याच दिशेनं, त्याच वेगानं मागून येऊन झाकतं. जी कड आधी उघडते तीच आधी मिटते, म्हणून उजेड सगळीकडे सारखाच वेळ पडतो. खोटं कशाला बोलू, हे सुचलं तेव्हा एकटाच टाळ्या वाजवल्या.

शटर जाणार होतं थंड डोंगरावर. इथे थंडी कुठून आणायची? मेहुणी सातपाटीला मासळीचा धंदा करते, तिच्या शीतखोलीत नेलं. चाचणी बघायला बाईही आल्या.

"भावजी, पापलेटांच्या खोलीत ह्ये काय आनलंत?"

"तुझ्या पापलेटांचा फोटो काढतो."

बाईंनी लॅपटॉप जोडला. पाती रखडली. दुसरं तर इतकं मागे राहिलं की एका कडेला दुप्पट उजेड पडला असता.

"काका, रुळांना काय लावलंत?"

मी बोट फिरवलं. ग्रीस, थंडीनं मेणासारखं झालेलं. आमच्याकडे खारी हवा, उघडं पोलाद दोन दिवसांत तांबडं होतं. काम संपलं की हात आपोआप ग्रीसच्या डब्यात जातो. लाल शाईतली अट वाचली होती, तरी मनात म्हटलं, शहरातल्या बाईला गंज काय ठाऊक!

"काका, वर हवा कोरडी आहे. गंजत नाही."

अंगणात बसून थिनरनं रूळ धुतले, उन्हात सुकवले, परत आत नेले. सट्! सट्! लॅपटॉपच्या पडद्यावर दोन पात्यांच्या दोन रेघा शेवटपर्यंत सारख्या अंतरानं गेल्या. बाईंनी चक्क उडी मारली.

मेहुणी डोळे पुसत म्हणाली, "ताई असती तर..."

"असती तर आधी ग्रीसवरून माझी खरडपट्टी काढली असती," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं हसत सुटलो. किती महिन्यांनी हसलो, देव जाणे.

तिथूनच लेकीला फोन लावला. "गाळा विकत नाही."

"अहो बाबा, पण एकटे जेवणार काय?"

मेहुणीनं फोन हिसकावला. "आमी हाव ना गं! उपाशी नाय मरत तुजा बाप."