बॉक्स उघडल्याच्या तारखेपासून

आमच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. गिऱ्हाईक दाराबाहेर चपला काढतं, आत येतं आणि जाताना एखादा किस्सा काउंटरवर ठेवून जातं. सगळे सांगत बसले तर दुकान कोण चालवणार? म्हणून आज फक्त त्या चाळीस लॅपटॉपचे सांगते.

दुकान सावेडीत. मालक दत्तूशेठ, मूळचे राहात्याचे. मी आधी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, त्यामुळे इथेही सगळे मला मॅडमच म्हणतात. चार वर्षांपूर्वी शेठनी चाळीस लॅपटॉपचा एक लॉट उचलला. कुठल्याशा संस्थेनं मागवले, मग नको म्हटलं, आणि दीड वर्ष ते गोदामात पडून राहिले. माल जुना, पण एकाचंही सील फुटलेलं नव्हतं.

मी पहिल्या बॉक्सवरचा नंबर कंपनीच्या साईटवर टाकला. दोन वर्षांपैकी चारच महिन्यांची वॉरंटी शिल्लक. दुसऱ्याची तीन. पाचव्याची संपलेली.

शेठ बॉक्स हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, सील तर जागेवर हाय. मग आतली वॉरंटी खाल्ली कोणी?"

*

शेठचं म्हणणं चूक तरी कसं म्हणायचं? त्यांनी पंधरा वर्षं राहात्यात विहिरीच्या मोटारी विकल्या. तिथली पद्धत अशी की मोटार ज्या दिवशी विहिरीत उतरली, त्या दिवसापासून वॉरंटी. दुकानात वर्षभर पडून राहिली तरी तिचं वय वाढत नाही. शेतकरी फोन करून सांगतो, आज पाणी पडलं, आणि दुकानदार कार्डावर तारीख घालतो.

त्यांनी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. तिथल्या मुलीनं गोड आवाजात समजावलं की कंपनीनं माल पहिल्या व्यापाऱ्याला दिला, त्या दिवसापासून वॉरंटी सुरू होते. कंपनीच्या अधिकृत दुकानाचं बिल असतं तर तारीख बदलण्याचा अर्ज करता आला असता. आमचं दुकान अधिकृत नाही, त्यामुळे तेही नाही.

शेठनी शांतपणे विचारलं, "ताई, तुमच्याकडं मोटार विहिरीत उतरायच्या आधीच म्हातारी होती का?"

ताईंनी फोन होल्डवर ठेवला. पाऊण तास आम्ही सनई ऐकली.

*

दुसऱ्या दिवशी शेठनी कार्डं छापून आणली. 'बॉक्स उघडल्याच्या तारखेपासून एक वर्ष. जबाबदारी दुकानाची.' खाली तारखेची जागा रिकामी. गिऱ्हाइकाला आधी कंपनीची वॉरंटी किती उरली ते मी खरं खरं सांगायचं आणि मगच कार्ड द्यायचं, हा त्यांचा नियम.

नियम मला आवडला, पण कार्ड मी दोनदा वाचलं. एखाद्यानं पाच वर्षांनी बॉक्स उघडला तर? तोवर बॅटरी मेलेली असेल, सुटे भाग मिळणार नाहीत, आणि शब्द मात्र छापील! निदान शेवटची एक तारीख टाका म्हणून मी मागे लागले.

शेठ म्हणाले, कार्डावर जागा नाही.

*

सावेडीतलेच एक निवृत्त अधिकारी फुलस्केपवर सात प्रश्न लिहून घेऊन आले. प्रत्येक उत्तरापुढे टिक करत होते. सहावा प्रश्न होता, दुकान बंद पडलं तर काय? शेठनी वर बोट दाखवलं आणि सांगितलं की आम्ही वरच राहतो, दुकान बंद पडलं तरी जिना चालू आहे. साहेबांनी टिक केली.

सातवा प्रश्न विचारताना ते जरा अडखळले. "आणि समजा, तुम्हालाच काही झालं तर?"

शेठनी कार्डावर आपल्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, मोबाईल नंबर लिहिला. तेव्हापासून सगळ्याच कार्डांवर तो जाऊ लागला. वहिनींना लॅपटॉपमधलं ओ की ठो कळत नाही. फोन आला की त्या पोळी लाटता लाटता सांगतात, "बंद करा, जरा दम खा, आणि परत चालू करा." निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. क्लासमध्ये आधी शिकून, मग शिकवून मीही लोकांना हेच सांगते, हे मी अजून त्यांना कळू दिलेलं नाही.

*

सील दुकानात फोडायला कुणीच तयार नसतं. घरच्यांसमोर, मुहूर्तावर, पूजा करून फोडायचं असतं. मग फोनवर तारीख कळवतात आणि मी ती रजिस्टरला चढवते.

राहात्याच्या एका गुरुजींनी दसऱ्याला बॉक्स उघडला आणि लगेच कळवलं. महिन्याभरानं तक्रार आली की तीन बटणं चिकटतात. आणून उघडलं तर आत कुंकू! सरस्वती बटणांत असते असं समजून सगळ्या घरानं मनोभावे वाहिलेलं.

हे वॉरंटीत बसतं का, असं मी विचारलं. शेठनी कार्ड दोन्ही बाजूंनी वाचून पाहिलं. कुंकू चालत नाही असं त्यावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. कीबोर्ड बदलून दिला आणि पुढच्या कार्डांवर एक ओळ वाढवली, 'हळदकुंकू बॉक्सवरच वाहावे.'

*

एकाच्या बॉक्सचा कोपरा उंदरानं कुरतडला. ते बिचारे काळजीत पडून आले. सील उंदरानं फोडलं, मग वर्ष कधीपासून धरायचं? उंदीर नेमका कधी आला हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं.

शेठ म्हणाले, "तुम्ही उघडाल तवापासून. उंदराला आपण कार्ड दिलेलं न्हाई."

*

वर्षभरात एकोणचाळीस तारखा चढल्या. एक रकाना रिकामा राहिला, मिरजगावच्या सोपानरावांचा.

त्यांची मुलगी रेणुका बारावीला होती. मेडिकलला नंबर लागेल त्या दिवशी बॉक्स उघडायचा, असं घरात ठरलेलं. त्या वर्षी नंबर लागला नाही. पुढच्या वर्षीही नाही. निकाल लागला की सोपानरावांचा दुकानात फोन ठरलेला. "शेठ, आवंदा बी उघडला न्हाई. आपली तारीख तर सुरू झाली न्हाई ना?"

शेठ सांगायचे की नाही, निवांत राहा.

मी मात्र निवांत नव्हते. कंपनीची वॉरंटी कधीच संपली होती आणि ते मॉडेलही बंद झालं होतं. मला ज्याची भीती होती तो बॉक्स हाच. शेवटी एकदा मीच सोपानरावांना फोन केला आणि म्हटलं, उघडून नुसता चार्ज करा, परत ठेवून द्या, तारीख आम्ही टाकणार नाही.

 सोपानराव म्हणाले, "मॅडम, पोरगी रोज त्या बॉक्साकडं बगून अभ्यासाला बसती. मी आदीच उघडला तर तिला वाटंल, बापानं आशा सोडली."

मी फोन ठेवला आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. खरं सांगायचं तर मला स्वतःचीच लाज वाटली.

*

यंदा, निकालानंतर आठवड्यानं, रेणुका एकटीच एसटीनं आली. बॉक्स धुतलेल्या साडीत गुंडाळलेला. तिनं गाठ सोडली आणि तो काउंटरवर ठेवला. सील जसंच्या तसं.

शेठ खुर्चीतून उठलेच. जिन्याकडे तोंड करून त्यांनी वहिनींना साखर घेऊन खाली यायला सांगितलं. मग तिला विचारलं, "लागला ना नंबर?"

"न्हाई, काका. पन आता नंबराची वाट न्हाई बघायची."

मी सील कापायला कात्री घेतली होती, ती तिनं मागून घेतली. स्वतःच सील कापलं, लॅपटॉप बाहेर काढला, आणि माझ्याकडे सरकवला. मी चार्जर लावला. दिवा लागला नाही. पिन काढून पुन्हा लावली, तरी नाही.

तेवढ्यात वहिनी वाटी घेऊन खाली आल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी चिमूटभर साखर रेणुकाच्या तोंडात घातली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. रेणुकानं ती खाल्ली, ओठ पुसले आणि कार्ड शेठपुढे ठेवलं.

"टाका आजची तारीख," ती म्हणाली.

शेठनी चार्जरच्या दिव्याकडे एकदाही न बघता तारीख टाकली.