उभं राहून उत्तर

वृद्धाश्रमात सगळे त्यांना सिस्टर म्हणत. नोकरी संपून कितीतरी वर्षं झाली होती, तरी कुणी आजी म्हटलं की त्या वळूनसुद्धा बघत नसत. हा आश्रम त्यांनी आणि आणखी सहा नर्सनी मिळून काढलेला. सातही जणी एकट्या. म्हातारपणी एकमेकींची सोबत असावी, एवढाच हेतू. इस्पितळातल्या चहाच्या टेबलावर बसून त्यांनी संस्थेची घटना लिहिली. तिच्यात एक कलम होतं: वर्षातून एकदा कार्यकारिणीने इथे राहणाऱ्यांसमोर उभं राहून त्यांच्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत. 'उभं राहून' हे शब्द थोरल्या नर्सने घालायला लावले.

"जन्मभर आपण डॉक्टरांपुढे उभ्या राहिलो," ती म्हणाली होती, "आता कुणीतरी आपल्यापुढे उभं राहू दे."

सगळ्या पोट धरून हसल्या होत्या.

त्यांतल्या सहा जणी एकेक करून गेल्या. बाहेरचे लोक राहायला आले, कार्यकारिणीत नवी माणसं आली, आणि ती सभा कधी बंद पडली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग व्यवस्थापकांनी सगळ्यांचे मोबाइल ऑफिसात जमा करून घेतले. फसवणुकीचे फोन येतात म्हणे. संध्याकाळी तेवढे थोडा वेळ हातात मिळत. लोक आपापसांत धुसफुसले, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? शेवटी सिस्टर ऑफिसात गेल्या.

"सभा घ्या," त्या म्हणाल्या.

"ते जुनं झालं हो, सिस्टर. आता आम्ही सगळ्यांच्या मुलांशी बोलतो. काय हवं-नको ते मुलंच ठरवतात."

"मला मुलं नाहीत. आणि घटना बदलल्याचं मला कुणी सांगितलेलं नाही."

घटना बदललेली नव्हतीच. व्यवस्थापकांनी अध्यक्षांना कळवलं आणि सभा ठरली. शेजारच्या खोलीतले मास्तर आणि समोरच्या मावशी, दोघांनीही बोलायचं कबूल केलं.

जेवणघरात खुर्च्या मांडल्या. अध्यक्ष आले, कलमाप्रमाणे उभे राहिले. "कुणाला काही विचारायचंय?"

मास्तर चपलांकडे बघत बसले. मावशींनी मूग गिळले. सिस्टर गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"आमचे फोन का घेतले?"

अध्यक्षांनी व्यवस्थापकांकडे पाहिलं. मग म्हणाले, "फसवणूक एकाचीच झाली. खरं सांगायचं तर इथल्या तक्रारी घरी जायला लागल्या होत्या."

"खोट्या होत्या?"

"नाही. बऱ्याच खऱ्या होत्या."

"मग फोन परत द्या, आणि तक्रारींचं बघा."

फोन परत मिळाले. जेवणही जरा सुधारलं. सिस्टरना मात्र एक गोष्ट आधी सुचली नव्हती. फोन नव्हते तेव्हा सगळी मंडळी जेवणघरात गप्पा मारत बसायची. आता प्रत्येकाचं ताट खोलीत जाऊ लागलं आणि बंद दारांमागून नातवंडांशी चाललेलं बोलणं ऐकू येऊ लागलं. सिस्टरच्या फोनमध्ये सहा मैत्रिणींचे नंबर होते. ते त्यांनी पुसले नव्हते, लावतही नव्हत्या.

एकदा मास्तर दाराशी आले. "सिस्टर, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. पण मुलाला काय वाटेल..."

"असू दे. जेवायला बाहेर येत जा."

"येतो ना," म्हणेपर्यंत त्यांचा फोन वाजला. हातानेच थांबा म्हणत ते खोलीकडे वळले.

सिस्टर जेवणघरात जाऊन बसल्या. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "सिस्टर, तुमचंही ताट खोलीत देऊ का उद्यापासून?"

"नको," त्या म्हणाल्या. "मी इथेच जेवेन."

बाईंनी त्यांना आमटी वाढली आणि बाकीच्या टेबलांवरचे दिवे मालवले.