तिसऱ्या डोसचा आराम

लस टोचल्यावर बैलाला चार दिस जू लावत न्हाईत, म्हणून मी बी पंधरवडाभर जागची हालले न्हाई.

झालं असं. आमचा नातू कुपवाडला कारखान्यात कामाला. त्याला लेक झाली, म्हंजी आमची पणती. तिला कवा मांडीवर घीन असं झाल्तं. पर नातसून, प्रियांका, फोनवर म्हणली, "आजी, कोरोनाचा तिसरा डोस झाला का?"

"दोन झाल्यात की गं."

"त्याला लय दिस झालं, जोर उतरला असंल. बाळ लहान हाय. तिसरा घ्या, मग या."

गेले मेढ्याच्या दवाखान्यात. सिस्टर म्हणली, "आजी, जोर एकदम संपत न्हाई, महिन्यामहिन्यानं उतरत जातो. म्हाताऱ्या माणसाचा जरा लवकर. ह्या डोसानं परत चढंल, दोनेक आठवडं लागत्यात."

"म्हंजी म्हशीला लाळ-खुरकुताची टोचत्यात तसं? ती बी फिरून फिरून द्यावी लागती."

"तसंच समजा."

(समजा म्हणली, हितंच घोटाळा झाला. मी लय समजले.)

घरी येऊन मालकास्नी सांगितलं, "आवं, अंगात जोर चढाय लागलाय. काम केलं तर खर्च हुईल. आता सैपाक, धुणं, म्हस, सगळं तुमी बगा."

मालक मिल्ट्रीतनं पेन्शनीत आल्यालं. हुकूम आला की उभं. एवढंच इचारलं, "कवापतूर?"

"चढंपतूर."

लगीन झाल्यापास्नं मी कवा बसून खाल्लं न्हवतं. बाळंतपणात सुदिक पाचव्या दिशी वैरणीचा भारा डोक्यावर हुता. त्या सगळ्याची कसर मी भरून काढली. खाटंवरनं नुसतं सांगायचं, मीठ कमी हाय, चा गार हाय. म्हस काय मालकास्नी धारंला जवळ येऊ दीना. शेवटी माझं लुगडं पांघरून बसलं, तवा पान्हा सोडला. शेजारची हौसा कुडावरनं वाकून म्हणली, "आक्का, गोठ्यात नवी सून आणली व्हय? मिशा लय दाट हायत तिला."

दोन आठवडं सरल्यावर निघालो कुपवाडला. नातवाची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट न्हाई. मी पाच-सात पायऱ्या चढले आन् गुडघं म्हणलं, बास. बसून बसून पार आखडल्यालं. मालक मातुर धुणं-धारा करून असं काटक झाल्तं, की पिशव्या घेऊन टणाटण वर. मी खालनं ऐकतीय, वर दारात प्रियांका.

"आजोबा, तुमचा तिसरा डोस?"

"मला मिल्ट्रीत लय टोचल्यात. त्या जन्माच्या हायत."

"त्या दुसऱ्या रोगांच्या. दाराभाईरच थांबा."

झालं. डोस घेतल्याली खाली, न घेतल्याला वर, आन् पणती कुणाच्याच मांडीवर न्हाई.

शेवटी प्रियांका बाळ घेऊन खाली आली. मालक जिन्यात भिताडाला पाठ लावून, तोंडावर टावेल धरून उभं, म्होरनं साहेब चालल्यागत.

"आजी, काय झालं? ताप आल्ता का?"

"न्हाई गं, आराम केला. बैलाला देत्यात तसा."

"बैल बी चार दिसांनी कामाला लागतो, आजी. तुमाला एवढा आराम सांगितला कुणी?"

तिनं बाळ मांडीवर ठेवलं. लोण्याचा गोळा. माझं बोट धरलं आन् सोडंच ना. त्या पायरीवर किती येळ बसले, कळलं न्हाई. येणारी-जाणारी माणसं अंग चोरून जात हुती.

वरनं मालक म्हणलं, "मी येऊ का खाली?"

"तितंच थांबा. उद्या पैला तुमचा डोस, मग पणती."

मग बाळाला दूध पाजाय न्यायची येळ झाली. मी बी उठाय गेले, तर उठवंना. कामावरनं आल्याल्या नातवानं एका बगलंत हात घातला, वाचमननं दुसऱ्या.

पणतीला उचलून घ्याय गेल्ती मी. उलट मलाच उचलून घ्यावं लागलं.