आवाज काढून दाखवा

गोदावरीत माझी नाव चालते. या काठाची माणसं त्या काठाला सोडायची. एकदा नाव माणसांनी भरलेली असताना, ऐन मधल्या पाण्यात नावेची मोटार भलताच आवाज करायला लागली. कशीबशी नाव काठाला लावली, मोटार सोडवून जीपमध्ये टाकली आणि अंबड गाठलं.

तिथल्या मिस्त्रीनं मोटारीकडं बघितलंसुद्धा नाही. हात पुसले, डोळे मिटले आणि म्हणाला, "भाऊ, आवाज काढून दाखवा."

"चालू करू का?"

"मोटार न्हाई. तुम्ही काढा, तोंडानं."

दुकानात गिऱ्हाइकं उभी. मी लाजत लाजत केलं, "घुर्रर्र-टक."

"टक का टिक?"

"टिक."

"पाण्यातला पंखा फिरत नसताना येतो का?"

"न्हाई."

"मंग इंजन बराबर हाये. खराबी खाली हाये."

त्यानं पंखा काढला. मागं दांड्याला जाळ्याचा नायलॉन दोरा गच्च गुंडाळला होता.

"पण तोंडानं कशाला?" मी विचारलं.

"विचारलं की माणूस आपलाच अंदाज सांगतो. आवाज काढताना बिलकुल खोटं बोलता येत न्हाई."

पुढं कधीतरी तो अंबडच्या स्टँडवर दिसला. मी रामराम घातला, पण चेहरा काही त्याच्या ध्यानात येईना. मग मी हळूच म्हणालो, "घुर्रर्र-टिक."

"अरे, नाववाले भाऊ!" तो खुलला. "आता कशी चालून राह्यली?"

एवढं विचारून त्यानं डोळे मिटले. आणि मी भर स्टँडवर, जराही न लाजता, बऱ्या झालेल्या मोटारीचा आवाज काढला.