बँकेत नसलेला भाडेकरू

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. वाटायचं, आता कुणाच्या ते लक्षातही नसेल. पण गेल्या दिवाळीत कुणीतरी हसत हसत पुन्हा म्हणालं, "काकांकडे तो मिशनरी घुसला होता ना?" आणि मी पुन्हा गप्प बसलो. आता बसणार नाही. त्यापायी ज्यांना माझ्याशी बोलणं बंद करायचं असेल, त्यांनी खुशाल करावं.

तो घुसला नव्हता. इथे परदेशात, बुकित बातोकच्या माझ्या फ्लॅटमधली मागची खोली मीच त्याला भाड्याने दिली. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुंगोलला, त्याच्या संसारात, आणि मला घरात मराठी ऐकू यायला हवं होतं. हा नगरकडचा, पंचविशीतला. फोनवर त्याने आधी तेच सांगून टाकलं, "काका, मी ख्रिस्ती आहे, मिशनरी म्हणून येतोय. चालणार नसेल तर आत्ताच सांगा." मी म्हटलं, ये.

इथे रुळायला त्याला वेळ लागला. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, टेबल धरायला लोक टिश्यूचं पाकीट ठेवून जातात, हे त्याला कुठून माहीत असणार? असं एक पाकीट उचलून तो एका बाईच्या मागे धावला, तुमचं राहिलं म्हणून. परत येईपर्यंत तिचं टेबल दुसऱ्यांनी घेतलं होतं. त्या बाईने त्याला जे ऐकवलं त्यातलं एक अक्षर त्याला कळलं नाही, पण माफी मात्र त्याने तीनदा मागितली. दिवसा तो चर्चच्या कामाने एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जायचा. भाषा येत नसे. त्यांची औषधं आणून द्यायचा, त्यांच्याजवळ बसायचा. संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापायचा, कारण मला ती जमत नाही. माझ्या देवापुढे त्याने कधी नाक मुरडलं नाही. मला येशूबद्दल काही सांगत कसा नाहीस, असं मीच एकदा विचारलं, तर म्हणाला, "तुम्ही माझं काम नाही काका, तुम्ही माझे घरमालक."

गणपतीत मरीन परेडच्या एका कॉन्डोमध्ये, उंची सोसायटीतल्या एका मराठी घरी, आमंत्रण होतं. चल म्हणून आग्रह माझाच. येईन, पण आरतीच्या वेळी मागे उभा राहीन, असं तो म्हणाला आणि तसाच उभा राहिला. मग त्या घरच्या बाईंनी आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न विचारला, कुठल्या कंपनीत? त्याने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "बँकेत आहे. आयटीत."

मी घाबरलो होतो. खरं कळलं तर पुढच्या वेळी मलाही बोलावणार नाहीत, आणि मला जायला दुसरी घरं नव्हती.

परतताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, तो माझ्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "काका, मी बँकेत नाही."

"माहीत आहे मला."

"मग तुम्हीच त्यांना सांगा. त्यांच्यासमोर मी तुम्हाला खोटं पाडणार नाही. पण मला कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगेन."

मी हो म्हणालो. सांगितलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या फराळाला आम्ही पुन्हा त्याच घरी गेलो, तोपर्यंत कुणाला तरी चर्चच्या इंटरनेटवरच्या पानावर त्याचा फोटो दिसला होता. सगळ्यांच्या देखत त्या बाईंनी त्याला विचारलं, "बँकेतला म्हणून आमच्या घरात येऊन बसलास. कशासाठी रे? लहान मुलं आहेत आमच्याकडे."

"मी असं कधीच म्हणालो नाही, ताई," तो म्हणाला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी चकली मोडत होतो.

त्याने ताटली खाली ठेवली, बूट घातले आणि गेला. बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "काका, तुम्हालाही फसवलं हो त्याने." मी मान डोलावली.

तर ऐका. त्याने कुणालाही फसवलं नाही. खोटं मी बोललो, तुमच्या दिवाणखान्यात, तुमचा मोदक हातात धरून. आणि एक तुम्हालाही विचारतो, कारण आता मला कुणाच्या आमंत्रणाची गरज उरलेली नाही. गणपतीत ज्याला आग्रह करकरून वाढलंत, तोच मुलगा दिवाळीत तुमच्या पोरांना धोका कसा झाला? तेवढ्या दिवसांत त्याने तुमचं काय वाकडं केलं?

महिनाअखेरीस त्याने खोली सोडली. जाण्याआधी पिठाचा डबा भरून ठेवला. मी सकाळपासून एक वाक्य मनात घोळवत होतो. लिफ्टपाशी त्याने किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाला, "येतो काका." मी म्हणालो, मागच्या बाजूने जा, तिकडच्या वाटेवर स्टेशनपर्यंत छप्पर आहे. लिफ्टचं दार मिटलं. पुढे त्याला दुसऱ्या देशात पाठवलं असं कळलं. त्याचा नंबर आता लागत नाही.

ते वाक्य असं होतं: खोटं मी बोललो, शिक्षा तुला झाली, मला माफ कर, आणि थांब जरा, शर्ट बदलून येतो, आत्ताच्या आत्ता मरीन परेडला जाऊन त्या सगळ्यांना तुझ्यासमोर सांगतो.