वालांवरचं बालंट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कंपनीतल्या मित्रांना नाही आणि ज्या डॉक्टरबाईंनी मला पुन्हा माणसांत आणलं त्यांनाही अर्धंच. मग तुम्हालाच का? एक तर तुम्ही गडबला माझ्या सासुरवाडीला जाऊन चुगली कराल अशी शक्यता कमी. आणि दुसरं म्हणजे सध्या मी फार मजेत आहे. मजेत असलेल्या माणसाच्या पोटात काही राहत नाही म्हणतात ना, तसं झालंय.

विषयही पोटाचाच आहे. नाक मुरडणार असाल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढे अडथळा नको.

मी रोह्याला एका कंपनीत शिफ्टमध्ये आहे. कंट्रोल रूममध्ये बसायचं, पॅनेलवर नजर ठेवायची, आणि उठायचं झालं तर आधी आपल्या जागी कुणाला तरी बसवायचं. आता विचार करा — ज्याला खुर्चीवरून उठायची परवानगी मागावी लागते, त्याच्याच पोटाला असे चाळे सुचावेत? घरातून निघायच्या वेळी कळ यायची. जाऊन आलं की बरं वाटायचं. बूट घातले की पुन्हा कळ. असे काही दिवस जायचे आणि मग अचानक सगळा कारभार ठप्प. पोट फुगून टम्म, पँटचं बटण लागेना, तासभर बसून उपयोग नाही. आणि मग मधेच एखादा आठवडा इतका सुरळीत की वाटावं, छे, आपल्याला काही नव्हतंच!

लग्नाच्या आधीपासूनचं हे. आधीपासूनचं — हा शब्द लक्षात ठेवा, कारण सगळी गोम तिथेच आहे.

मुलगी बघायला गेलो तेव्हा हे सांगायला हवं होतं का? कोण सांगतं हो? ‘मला नोकरी आहे, निर्व्यसनी आहे आणि सकाळी माझा भरवसा नाही’ — असं? गप्प बसलो. वनिताशी लग्न झालं. आणि पहिल्याच थंडीत गडबहून सांगावा आला, नव्या जावयाला पोपटीला पाठवा.

पोपटी काय ते ठाऊक नसेल तर तुमचं एक सुख राहून गेलंय. भात कापून झाला की आमच्याकडे त्याच शेतात वाल होतात. त्या ओल्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, सगळं मडक्यात भरायचं. खाली-वर भांबुर्ड्याच्या रानझुडपाचा वासाचा पाला दाबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही. माझ्या सासूबाईंची पोपटी गडबमध्ये नावाजलेली. जळत्या मडक्यावर हाताने पाणी शिंपडायच्या आणि नुसत्या आवाजावरून सांगायच्या, “झाली गो, काढा.” दुसऱ्यांच्या घरची पोपटी असली तरी लोक त्यांना बोलवायला यायचे. मूठभर वाल स्वतःसाठी बाजूला काढून, शेवटी निवांत एकट्या खात बसायच्या. वाल म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

मी त्या संध्याकाळी पोटभर खाल्लं. पण खरं सांगतो — सकाळी रोह्याहून निघतानाच माझ्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या. तेव्हा तर मी वालाची शेंग बघितलीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचं ते झालं. सासऱ्यांकडचा संडास तेव्हा अंगणापलीकडे, पेरूमागे. अंगणात चुलते, मावश्या, सगळं गणगोत चहा पीत बसलेलं. पहिल्या फेरीला कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या फेरीला चुलत सासऱ्यांनी “बसा जावई” म्हणून खुर्ची पुढे केली आणि मी त्या खुर्चीला वळसा घालून पळालो. तिसऱ्या फेरीला अख्ख्या अंगणाने माना वळवल्या. परत येतो तर सासूबाई पदराला हात पुसत उभ्या.

“वाल बाधलं काय वो?”

बघा, काय सोपं होतं. ‘नाही आई, हे माझं जुनं दुखणं’ — संपलं. पण समोर सगळं अंगण. जुनं म्हटलं की कुणीतरी म्हणणार, पोर आजारी माणसाला दिली. शिवाय आजाराचं नाव काय सांगणार? एक दिवस वाहतं आणि एक दिवस तुंबतं, याला काय नाव असतं? मी म्हणालो, “हो, तेच. मला वाल सोसत नाहीत.”

त्यांचं तोंड उतरलं. मला ते दिसलं. दिसूनही मला हायसं वाटलं — हेही सांगून टाकतो.

बालंट एकदा दुसऱ्यावर ढकललं की फार आरामाचं असतं हो. गडबला गेलो की माझ्यासाठी वेगळा मऊ भात. लवकर निघायचं असलं की पोटाकडे बोट. मी असलो की सासूबाई पोपटी लावत नसत, आणि हळूहळू मी नसलो तरी लावेनाशा झाल्या. कुणी बोलवायला आलं तर म्हणत, “माझा हात बिघडलाय आता.” हात! आणि मी कोपऱ्यात बसून भात कालवत असायचो.

मधल्या काळात डॉक्टर केले. तिथेही माझी अक्कल बघा. रोह्याच्या डॉक्टरांकडे मी फक्त जुलाबाच्या दिवसांत जायचो, कारण तेव्हा शिफ्ट बुडायची. त्यांनी थांबवायच्या गोळ्या दिल्या. पेणला मेहुणा दिनेश सोबत यायचा. त्याच्यादेखत जुलाबाचं बोलायला लाज वाटायची, म्हणून तिथल्या वैद्यांना फक्त कोंडल्याचं सांगायचो. त्यांनी साफ व्हायचं चूर्ण दिलं. दोघांपैकी एकाचंही चुकलं नाही. मीच दोघांना अर्धा-अर्धा पेशंट दाखवत होतो. वर घरी येऊन म्हणायचो, या डॉक्टर लोकांना काही कळत नाही!

शेवटी वनिता हट्टाने मला पेणला, रामवाडीच्या बाजूला एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. केबिनमध्ये शिरल्या-शिरल्या तिनेच सुरुवात केली, “यांना वाल सोसत नाहीत.” तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला आणि ती बाहेर गेली. डॉक्टरबाईंनी मान वर करून विचारलं, “वाल न खाताही होतं का?”

असा थेट प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. दाराकडे बघितलं, ते बंद होतं. म्हणालो, “होतं. नेहमीच होतं.” आणि मग धरण फुटल्यासारखा बोलत सुटलो. त्यांनी ऐकलं, आणि पावसापाण्याची चौकशी करावी तसं सगळं विचारलं. शौचाला जाऊन आल्यावर दुखणं बदलतं का? कधी घट्ट, कधी पातळ असं होतं का? रक्त पडतं का? वजन उतरलंय का? ताप? झोपेतून उठवणारे जुलाब? घरात कुणाला आतड्याचा मोठा आजार? पोट दाबून तपासलं. रक्ताच्या आणि शौचाच्या तपासण्या करायला सांगितल्या.

रिपोर्ट सगळे चांगले आले. ते दाखवायला मी एकटाच आत गेलो, वनिता बाहेर बसली होती. मी खट्टू झालो, म्हणजे पुन्हा काहीच सापडलं नाही! तर त्या हसल्या. म्हणाल्या, “रिपोर्ट चांगला म्हणजे तुमचं दुखणं खोटं, असं नाही. याला आयबीएस म्हणतात. आतडी दिसायला ठणठणीत असतात, पण जरा जास्तच हळवी असतात, आणि त्यांची चाल बिघडते. कधी धावतात, कधी बसून राहतात. तुम्हाला दोन आजार नाहीत. एकच आहे, आणि त्याची ओळखच ही, की तो रूप बदलतो. तुम्ही दोन्ही रूपं एकत्र सांगितलीत म्हणून कळलं.” रक्त दिसलं किंवा वजन उतरायला लागलं तर लगेच या, एवढं बजावलं.

काय सांगू तुम्हाला! आजाराचं नाव कळल्यावर एवढा आनंद झालेला माणूस पेणमध्ये दुसरा नसेल. मी वेडा नव्हतो, ढोंगी नव्हतो, माझ्या आत काही सडत नव्हतं. स्टँडपर्यंत मी शीळ घालत गेलो. वनिता म्हणाली, लोक बघतायत.

आणि मग तिने विचारलं, “आई फोन धरून बसलीय. वालाचं काय म्हणाल्या?”

डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या? वाल, दूध, गहू — काही आठवडे कमी करा, मग एकेक परत आणा, काय झेपतं ते बघा. आजार वालांनी झालेला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं. मी वनिताला म्हणालो, “वाल बंदच बरे, म्हणाल्या.”

पहिल्यांदा खोटं बोललो ते घाबरून. पण हे? शीळ घालता घालता बोललो हो.

पुढे मी सुधारलो. जेवणाच्या वेळा पाळल्या, चहा कमी केला, चालायला लागलो, कळ आलीच तर गोळी. रोह्यात एका मित्राकडे वालाचं बिरडं दोनदा मागून खाल्लं आणि पोटाने हूं की चूं केलं नाही. घरी येऊन वनिताला फुशारकीने सांगितलं, पोट बरं झालं, आता वालही चालतात. पँटचं बटण लागेना, पण ते आता वेगळ्या कारणाने. दिवाळीत वनिताने कौतुकाने आईला सांगितलं की हे सगळं खायला लागले, वालसुद्धा.

या थंडीत गडबहून निरोप आला. आई पोपटी लावणार आहेत.

संध्याकाळी शेताच्या बांधावर निम्मी आळी जमली होती. एक नाही, ओळीने मडकी. सासूबाई पदर खोचून इकडून तिकडे फिरत होत्या, पोरीबाळींवर ओरडत होत्या, हसत होत्या. एवढ्या खुशीत मी त्यांना त्या पहिल्या पोपटीनंतर कधी बघितलं नव्हतं. मी दिनेशला विचारलं, “एवढं काय रे आज?”

“आय नवस फेडते ना. तुमच्या पोटाचा.”

मला कळेना. तेव्हा त्याने सांगितलं. त्या पहिल्या पोपटीच्या दुसऱ्याच दिवशी, मी अंगणात ते वाक्य बोललो त्याच दुपारी, सासूबाई गावदेवीला गेल्या होत्या. जावयाला वाल पचेपर्यंत आपण वाल तोंडात घालणार नाही, असं बोलून आल्या होत्या. नवस पुरा होईस्तोवर बोलायचा नसतो, म्हणून कुणाला पत्ता नाही. घरच्यांनाही त्यांनी आज सकाळीच सांगितलं होतं. गडबसारख्या गावात, जिथे दारात वाल सुकतात, जिथे थंडीभर दुसरी भाजी दिसत नाही, तिथे ही बाई दर वर्षी वाल सोलत होती, रांधत होती, वाढत होती आणि स्वतः मीठ-भाकरी खात होती.

मडकी उघडली. भांबुर्ड्याचा वास शेतभर पसरला. पोरं ओरडली. सासूबाईंनी पहिल्या शेंगा देवीच्या नावाने बाजूला ठेवल्या, दुसऱ्या सोलून माझ्या तळहातावर घातल्या आणि मी खाल्ल्यावर मग एक शेंग स्वतःच्या तोंडात टाकली. डोळे मिटले. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या, मीही वाजवल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या हसतही होत्या.

“जावई, तुमच्यामुळं खाल्लं हो आज,” त्या म्हणाल्या. “देवीनं ऐकलं. नायतर वाल खायची मी कसली!”

सगळे हसले. मी त्यांच्या पानावर आणखी शेंगा वाढल्या आणि त्या खाताना बघत बसलो. इतकी वर्षं त्यांनी वाल खाल्ले नाहीत तेही माझ्यामुळेच, माझ्या थापेमुळे. हे त्यांना अजून माहीत नाही.